चकली कानाशी धरणाऱ्या काकी

तळलेली चकली निवली की आपण काय करतो? तोंडात टाकतो. आमच्या काकी ती कानाशी न्यायच्या. डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायची, डोळे मिटायचे आणि अंगठ्यानं कट्‌कन मोडायची. मग डोळे उघडून निकाल. "बोलतीय!" म्हटलं की घाणा पास. आणि "मुकी हाय" म्हटलं की तो घाणाच्या घाणा बाजूला, मग तुम्ही कितीही हातापाया पडा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कोणी कलिंगड थोपटून ऐकतं, कोणी मडक्याला टिचकी मारून. मडक्याचं ठीक आहे हो, पण चकली? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. मी तेव्हा नवी नवरी होते आणि तोंडाळही होते. नवेपण गेलं, दुसरं अजून टिकून आहे.

त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण आळीत ते कोणाला ठाऊकच नव्हतं. लहानथोर सगळ्यांच्या त्या काकी, आणि त्यांचे यजमान ते काका. काका लष्कराच्या सामानाच्या कोठारात नोकरीला होते. तंबू, खुंट, दोरखंड, कंदील असल्या वस्तूंमध्ये त्यांचा जन्म गेला. दोघं मूळची सोनईची. भिंगारला कॅम्पाच्या मागच्या अंगाला आम्हा नोकरदारांच्या खोल्यांची एक आळी होती, तिथं पहिलं घर त्यांचं आणि तिसरं आमचं. आमचे हे कॅम्पाच्या कचेरीत कारकून. मी लढाईच्या वर्षांत लग्न होऊन नगरच्या माळीवाड्यातून तिथं आले. नगर ते भिंगार म्हणजे टांग्यात बसलं नि पान खाऊन होईतो आलं, पण काकींच्या लेखी मी परमुलखातली. त्या मला शेवटपर्यंत 'नगरवाली' म्हणाल्या.

आता आळीच्या चहाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लढाईमुळं साखर रेशनवर मिळायची. घरोघर गुळाचा चहा, आणि तो दुधाच्या स्वभावाप्रमाणं कधी फाटायचा, कधी नाही. एकदा काकींनी टूम काढली, की प्रत्येक घरानं महिन्याची मूठभर साखर बाजूला ठेवायची आणि एका रविवारी दुपारी ती सगळी एका पातेल्यात ओतून आख्ख्या आळीनं मिळून साखरेचा चहा प्यायचा. "येक दिस तरी माणसावानी गोड पिऊ की," त्या म्हणाल्या. काकींच्या अंगणात कडुलिंबाखाली तरटं अंथरायची, कपबश्या ज्यानं त्यानं आपापल्या आणायच्या. आणि चहाबरोबर घरचं काहीतरी तळलेलं हवंच. ते तळायचा मान काकींचा. मान कसला, तिथं दुसऱ्या कोणाची चूल पेटवायची छातीच नव्हती.

माझा पहिला चहा आला तेव्हा मी हौसेनं म्हटलं, खारे शंकरपाळे मी करून आणते. रात्रभर मनात उजळणी करून सकाळी केले, डबा भरून नेला. काकींनी एक उचलला. मला वाटलं खाणार. त्यांनी तो माझ्याच कानाशी धरून मोडला.

"आईक."

"काय ऐकू?"

"त्येच म्हणते मी. काय आईकशील? मुका हाय बिचारा."

सगळ्या बायका खो खो हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकींनी ते पाहिलं, पण कौतुक वगैरे काही केलं नाही. डबा बाजूला ठेवला, मला चुलीशी पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "रडायचं आसंल तर लांब सरून रड, तेलात पानी पडलं तर दोघीबी भाजू." मी रडता रडता हसले. त्या दिवसापासून मी त्यांची सोऱ्या धरणारी झाले. त्या तळायच्या, मी चकल्या पाडायची.

त्यांचं तळण म्हणजे एक सोहळाच. भाजणी घरच्या जात्यावरची, तेल करडईचं. चकली कढईत पडली की त्या हाताच्या खुणेनं सगळ्यांना गप्प करायच्या. "श्श! तेल काय म्हणतंय बघू द्या." तेल म्हणे आधी भांडतं, मग कुरकुरतं, आणि शेवटी आपल्याशीच पुटपुटायला लागतं. पुटपुटायला लागलं की चकली काढायची, आधी नाही नि नंतर नाही. मी पुष्कळ दिवस कान देऊन ऐकलं. मला आपलं एकच तेल एकाच सुरात तडतडताना ऐकू यायचं. मग हळूहळू मलाही त्यातलं भांडण कळायला लागलं.

मी एकदा विचारलं, "काकी, एवढा उपद्व्याप कशाला? एक चावून बघितली की झालं!"

काकी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. "मारुतीच्या आदी? माणसांच्या आदी? करनारनीनं चाखायचं आनि उष्टं लोकान्ला घालायचं? आमच्या सोनईत आसल्या बाईला चुलीपाशी उबं करत न्हाईत." आळीच्या टोकाला मारुतीचं लहानसं देऊळ होतं. पहिली वाटी त्याच्यापुढं, मग आळीला, आणि सगळ्यांचं झालं की मगच काकींच्या तोंडात पहिला घास. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. म्हणून तर सगळी भिस्त कानावर.

या कानाचा आणि लष्कराच्या बँडचा मात्र छत्तीसचा आकडा. आमच्या मागंच कवायतीचं मैदान होतं. तिथं कधीमधी रविवारी दुपारी बँडची तालीम चालायची. ढोल, तुताऱ्या, शिट्ट्या, सगळं एकदम. एका रविवारी ऐन घाण्यात बँड सुरू झाला. काकी झारा आपटून म्हणाल्या, "अहो! जावा, त्या बँडवाल्यांना सांगा, घाना निगस्तवर गप ऱ्हा म्हनावं!"

काका चपला घालून निघाले. कोठारातल्या माणसानं जाऊन पलटणीचा बँड थांबवायचा, म्हणजे बघा! मी कुंपणापाशी पाणी आणायला गेले होते, तिथून मला सगळं दिसलं. काका मैदानाच्या फाटकापर्यंत गेले, बाभळीखाली उभे राहिले, विडी ओढली. बँडवाल्यांची तालीम संपली, त्यांनी ढोल उचलले. काका परत आले.

"सांगितलं," ते म्हणाले.

काकींचा चेहरा अभिमानानं फुलला. त्या दिवसापासून आपल्या नवऱ्याचं लष्करात वजन आहे यावर त्यांचा ठाम विश्वास बसला. बँड वाजला की काका बाभळीखाली जाऊन विडी ओढून यायचे. कधी बँड थांबायचा, कधी नाही. नाही थांबला तर काका म्हणायचे, "आज नवा सायेब हाय." मी हे गुपित कोणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे.

आळीत आमच्या शेजारी एक शिंपी कुटुंब होतं. मियाँ कॅम्पातले गणवेश शिवायचे, त्यांच्या बायकोला सगळ्या आपा म्हणत. कोणी कोणाच्या हातचं खायचं याचे आळीत तेव्हा पुष्कळ नियम होते. आपा सुरुवातीला चहाला यायच्या त्या जरा कडेला बसायच्या, आणि त्यांची कपबशी इतरांच्यात मिसळू नये म्हणून स्वतःच पदराखाली धरून ठेवायच्या. एका रविवारी काकींनी ती उचलली आणि सगळ्या कपबश्यांच्या ढिगात घातली. "आता वळख बघू तुजी कंची ती," म्हणाल्या आणि गेल्या चुलीकडं. सगळ्यांच्या कपबश्या तसल्याच पांढऱ्या. एकदोन कपाळांना आठ्या पडल्या, पण साखरेचा चहा गार होत होता. सगळ्यांनी हाताला येईल तो कप उचलला.

लढाई संपली, पुढं स्वातंत्र्यही आलं. साखर तेवढी रेशनवरच राहिली, म्हणून चहाही राहिला. आणि मग काकी ओरडायला लागल्या.

म्हणजे रागावून नव्हे, नुसत्याच मोठ्यानं. "मीठ दे!" म्हणाल्या तरी पलीकडच्या आळीतलं कुत्रं उठायचं. आम्हाला वाटलं, वय झालं, स्वभाव तापट झाला. मग एका चहाला चकली करपलेली निघाली. माणसाचा हात आहे, होतं एखाद्या वेळी, म्हणून सगळ्यांनी कडू चकली गोड मानून घेतली. पुढच्या महिन्यात मऊ. इतकी मऊ, की मी माझ्या चकलीचा वेढा हळूच उलगडून पाहिला तर ती न मोडता सरळ झाली! मी ती घाईघाईनं तोंडात कोंबली. काकींनी मात्र कानाशी धरून मोडली होती आणि "बोलतीय" म्हणाल्या होत्या. मला काही कळेना.

कळलं ते पुढच्या चहाच्या रविवारी. मी सोऱ्या धरून बसले होते. मैदानावर बँड असा पेटला होता की चुलीवरची कढई थरथरत होती. काका फाटकाकडं जायला उठलेच होते. तेवढ्यात काकींनी कपाळावरचा घाम पुसला आणि समाधानानं त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "आज आदीच सांगून आलात वाटतं त्यान्ला. कसं शांत हाय बगा!"

काका उठले होते ते तसेच खाली बसले. माझ्या हातात सोऱ्या तसाच राहिला. बँड वाजतच होता.

नंतर काकांनी मला कुंपणापाशी गाठलं. "कुनाला बोलू नको, नगरवाली. नगरच्या डाक्टरला दावलं. तो म्हनला, वयाचं हाय, आता असंच ऱ्हायाचं. गेल्या दोन चहाला मीच तिला खुनावत हुतो, कवा काडायची ते. मी मिशीवरनं हात फिरवला की ती काडती."

"पण काका, कधी काढायची ते तुम्हाला कळतं?"

"मला काय कळतंय? मी जल्मभर खुंट मोजले."

"मग मिशीवर हात कधी फिरवता?"

काका जरा ओशाळले. "खाज सुटली की."

मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं. आपला कान गेला हे काकी सगळ्या जगापासून लपवत होत्या, आणि चकली ते चारचौघांत सांगत होती.

आळीत डोळे असलेली माणसं होतीच. दिवाळीचा चहा जवळ आला. तो वर्षातला सगळ्यात मोठा चहा, कारण भाऊबिजेला माहेरी आलेल्या आळीच्या लेकी त्याला असायच्या. सासरी नांदताना वर्षभर त्या काकींच्या चकलीची आठवण काढत. ठरवाठरवीला आम्ही बायका जमलो. आळीतल्या ओव्हरसीयरीणबाई मूळच्या पुण्याच्या, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, यंदा बाजारातल्या बेकरीची नानकटाई आणू या. काकींना तेवढीच जरा विश्रांती."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण सगळ्याजणींनी एकदम जमिनीकडं बघितलं. काकींना शब्द ऐकू आले नाहीत, पण खाली गेलेल्या माना त्यांना दिसल्या.

"काय म्हनली ती?" त्यांनी मला विचारलं. आळीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्या उठल्या, चुलीमागच्या खुंटीवरचा झारा काढून आणला आणि मधोमध ठेवला. तो झारा तुम्ही पाहायला हवा होता. लोखंडाचा, लांब, आणि त्याला काकांनी कोठारातल्या तंबूच्या मोडक्या खुंटाची लाकडी मूठ बसवलेली.

"इस्रांती मेल्यावर हायच," काकी म्हणाल्या. "कान गेलाय माजा. व्हय, गेलाय. पन दिवाळीचा चा मी करनार. येक जरी चकली मुकी निगाली, तर ह्यो झारा तुमच्या हवाली. मग नानकटाई आना न्हाईतर आनि काय आना, मी तरटावर बसून खाईन."

ओव्हरसीयरीणबाईंनी झारा उचलून दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.

पैज लावणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आपा त्यांच्याकडं गेलो तर काकी चुलीपुढं बसलेल्या, शेजारी ताटभर चकल्या, निम्म्या काळ्या, निम्म्या लोळागोळा. डोळे लाल झालेले. "तेल कायच बोलत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आबोला धरलाय माज्याशी."

"काकी, मी उभी राहते ना शेजारी. पुटपुटायला लागलं की सांगते," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"मग ती तुजी चकली झाली. माजी कशी?"

"बरं, मग एक चावून बघा. एकदाच. दातांना तरी कळेल." मी हे अगदी काकुळतीला येऊन म्हटलं.

"उष्टं न्हाई घालनार मी पोरीन्ला," त्यांनी तोंडच फिरवलं.

आपा एकदम म्हणाल्या, "काकी, आमचे सासरे भी ठार बहिरे होते. पण मशीनला तेल कधी पाहिजे, सुई कुठं अडकते, सगळं त्यांना बराबर कळायचं. काय करायचे, कैचीचं टोक मशीनला टेकवायचे आणि मूठ इथं." आपांनी कानामागच्या हाडावर बोट ठेवलं. मग ओरडून, हातवारे करून, हे सगळं दोनदा सांगावं लागलं.

"मी काय शिलाईचं मशीन हाय व्हय?" काकी म्हणाल्या. पण झारा उचलला. मी चकली पाडून कढईत सोडली. काकींनी झाऱ्याचं टोक कढईच्या काठाला टेकवलं आणि मूठ नेहमीच्या सवयीनं कानाच्या भोकाला लावली. काही नाही. त्यांनी मान हलवली.

"कानाला नको, काकी! कान कामाचा नाही आता. हाडाला!" आपांनी सरळ त्यांचं मनगट धरलं आणि मूठ मागं सरकवून हाडावर दाबली.

काकी थिजल्या. तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग डोळे मिटले, जसे पूर्वी मिटायच्या तसे. किती वेळ गेला कोण जाणे, कढईत चकली तांबूस होत चालली होती. आणि अचानक काकींनी झारा खाली घेऊन चकली उचलली.

"पुटपुटलं," त्या म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्यांचा हळू आवाज आम्ही ऐकला नव्हता. "आपा, तेल पुटपुटलं गं!" आणि त्या पदर तोंडाशी घेऊन लहान मुलासारख्या रडायला लागल्या. आम्हीही रडलो. मी आधी, आपा नंतर. शेवटी काकीच म्हणाल्या, "लांब सरा गं, तेलात पानी पडंल."

चकली निवल्यावर त्यांनी ती कानामागच्या हाडावर दाबून मोडली. चुरा सगळा अंबाड्यात गेला. "बोलतीय!"

दिवाळीच्या चहाला आळीनं काय ध्यान बघितलं म्हणता! काकी चुलीशी बसलेल्या, एका हातानं चकल्या सोडताहेत आणि दुसऱ्या हातानं झारा कढईला लावून मूठ कानामागं धरताहेत. मैदानावर बँड जोरात. पोरांनी घरोघरचे डाव, पळ्या, उलथनी आणली आणि कानामागं लावून कवायत करत अंगणातून फिरायला लागली. काकी हसल्या, इतक्या हसल्या की एक घाणा करपता करपता वाचला. काका मात्र बाभळीकडं जायला निघाले, सवयीनं. काकींनी त्यांना हाक मारली. "बसा हो! वाजू द्या त्यान्ला. आता मला आडचन न्हाई."

मारुतीपुढं वाटी ठेवून झाली. ताटल्या फिरल्या. लेकी रांगेनं तरटावर बसल्या होत्या. आणि आख्ख्या आळीनं एकाच वेळी चकली चावली. काय आवाज उठला हो! कुरुम कुरुम, सगळ्या अंगणभर. बँड मधल्या विसाव्याला थांबला होता, त्यामुळं तर अजूनच. माझं मन भरून आलं, झालं, जिंकल्या काकी!

मी वळून पाहिलं. काकी चुलीपाशी उभ्या होत्या आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. चेहऱ्यावर काळजी. त्यांना तो आवाज ऐकू आला नव्हता. झारा कढईतल्या तेलाचं सांगत होता, माणसांच्या तोंडांतलं कोण सांगणार?

त्या थेट माझ्याकडं आल्या आणि माझ्या गालावर तळहात ठेवला. पीठ लागलेला, तेलकट, गरम हात.

"चाव," म्हणाल्या.

मी चकली चावली. त्यांच्या बोटांना ते कळलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं, हो, ऐकलंच म्हणायचं. "आजून येक." मी दुसरी चावली. मग त्या आपांकडं गेल्या, मग लेकींकडं, एकेकीच्या गालाला हात लावत. "चाव गं. चाव. तू पन." शेवटी ओव्हरसीयरीणबाईंपुढं उभ्या राहिल्या. बाईंना कोणी असं हात लावलेलं चालत नसे. काकींनी गालावर हात ठेवला. बाई ताठ बसल्या आणि चावत राहिल्या. मोठ्या निष्ठेनं, सगळी चकली संपेपर्यंत.

"बोलतीय," काकी म्हणाल्या आणि हात काढायला लागल्या. बाईंनी तो हात तिथंच धरून ठेवला. मग दुसऱ्या हातानं ताटलीतली आणखी एक चकली घेतली.

नानकटाईचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढं काकांची नोकरी संपली, खोली सोडावी लागली. सोनईला मुलगा शेती बघत होता, तिकडं जायचं ठरलं. टांग्यात वळकट्या चढल्या तेव्हा काकी झारा घेऊन माझ्याकडं आल्या. "तितं सून तळती. तिचे कान झकास हायेत. ह्यो तुला." मी म्हटलं, "काकी, माझेही कान चांगले आहेत." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. टांगा वळेपर्यंत त्या मागं बघत होत्या. त्या पुढं सोनईलाच वारल्या. ती बातमी आली तेव्हा आपा आणि मी दोघी चुलीपाशी बसून राहिलो.

पण मला काकी आठवतात त्या त्यांच्याशिवायच्या पहिल्या दिवाळीच्या चहाला. जागा तीच, कडुलिंबाखाली. चकल्या मी तळल्या, पाडल्या आपांनी. तळायला बसले आणि मागं बँड सुरू झाला. सगळ्यांनी सवयीनं काकांच्या जागेकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं, जाऊन विडी ओढून येणारं. मी झाऱ्याची मूठ कानामागं लावली. ढोलांच्या त्या गदारोळात मला तेल अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मारुतीची वाटी ठेवली. ताटल्या फिरल्या. बँड जोरात चाललाच होता. मी बघते तर कोणी खाईना. म्हटलं, काय चुकलं? मग पाहिलं, एका लेकीनं चकली कानाशी नेली. तिच्या शेजारणीनं नेली. आपांनी, पोरांनी, आमच्या ह्यांनीसुद्धा. सगळी आळी चकली कानाशी धरून, डोळे मिटून, बँड थांबायची वाट बघत बसली.

बँड थांबला. अंगणात कट्‌कट्‌ आवाज उठला.

ओव्हरसीयरीणबाईंनी सगळ्यात शेवटी डोळे उघडले. "बोलतीय हं," त्या म्हणाल्या, आणि मगच त्यांनी घास घेतला.